लग्नाला नाब्लुसहून पाहुण्या येणार आहेत. पाहुणचाराविषयी मार्गदर्शन हवे

पार्लेकरीण

नमस्कार. माझ्या मुलीचे लग्न येत्या डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विलेपार्ले येथे आहे. परदेशात शिकताना ज्या मैत्रिणीबरोबर ती एकाच खोलीत राहिली, ती पॅलेस्टिनी असून वेस्ट बँकमधील नाब्लुस शहराची आहे. लग्नासाठी ती आपल्या आईला घेऊन येणार आहे आणि घरात कितीही गर्दी असली तरी दोघींनी आमच्याकडेच उतरावे, असा मुलीचा हट्ट आहे. मैत्रिणीची मला चिंता नाही. या वयाची मुले कुठेही रुळतात. तिच्या आई मात्र साठी उलटलेल्या, निवृत्त शिक्षिका आहेत आणि भारतात प्रथमच येत आहेत. त्यांचे आमच्याकडे नीट व्हावे, असे मनापासून वाटते.

याविषयी वाचायला घेतले की जे हाती येते, ते सारे युद्ध, सीमा आणि करार यांच्याविषयी असते. तिथली माणसे सकाळी काय खातात, पाहुण्यापुढे काय ठेवतात, वयाने मोठ्या बाईंना काय म्हणून हाक मारतात, हे कुणी सांगत नाही. आमच्या घरी मांस-मासे शिजत नाहीत. तसे जेवण वाढले तर आदरातिथ्यात कसूर झाली, असे त्यांना वाटेल का? पत्रिकेवर आम्ही ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापले आहे, परंतु आई सोन्याचे काहीतरी आणणार असल्याचे मुलीच्या कानावर आले आहे. ते नाकारावे की स्वीकारावे? शिवाय आमचे नातेवाईक बोलके आहेत. पंगतीत कुणीतरी गाझाचा विषय काढणार, हे मी आताच सांगू शकते. त्या वेळी यजमानांनी काय करावे?

ज्यांचा त्या लोकांशी प्रत्यक्ष संबंध आला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

जुना अम्मानवासी

ताई, नोकरीनिमित्त मी काही वर्षे जॉर्डनमध्ये अम्मानला होतो. तिथले माझे बरेचसे सहकारी पॅलेस्टिनी कुटुंबांतले होते आणि त्यांच्यापैकी एकाच्या बहिणीच्या लग्नासाठी मी नाब्लुसलाही जाऊन आलो आहे.

आधी प्रवासाचे सांगतो, कारण तुमचे वेळापत्रक त्यावर अवलंबून आहे. वेस्ट बँकमधील पॅलेस्टिनी रहिवाशाला तेल अवीवजवळचा बेन गुरियन विमानतळ विशेष परवान्याशिवाय वापरता येत नाही आणि गाझात १९९८ मध्ये सुरू झालेला पॅलेस्टिनींचा स्वतःचा विमानतळ काही वर्षांतच उद्ध्वस्त झाला. त्यामुळे त्या बाई नाब्लुसहून मोटारीने निघतील, जॉर्डन नदीवरच्या पुलाशी पॅलेस्टिनी, इस्रायली आणि जॉर्डनी अशा तिन्ही तपासण्या बसगाड्या बदलत पार करतील, आणि मग अम्मानला जाऊन विमान धरतील. हा पूल ठरावीक वेळातच उघडा असतो आणि कधी कधी अचानक बंदही होतो. म्हणून हळदीच्या आदल्या रात्री मुंबईत उतरणारे तिकीट काढू देऊ नका. मधे चांगले चार दिवस राखून ठेवा. मुलीने मैत्रिणीला हे सांगितले तर ती हसेल, कारण तिला ते पाठ असते. पण मुंबईकडून विचारणा झाली, याचे तिला बरे वाटेल.

जेवणाची चिंता तर सोडूनच द्या. ताबून नावाच्या भट्टीत भाजलेल्या रोटीवर ऑलिव्हच्या तेलात परतलेला भरपूर कांदा, सुमाक नावाची आंबट पूड आणि कोंबडी घालून केलेला मुसखान, किंवा भात, भाज्या आणि मांस एका भांड्यात शिजवून परातीत उपडा करतात तो मकलूबा, हे पाहुण्यांचे पदार्थ खरेच. परंतु रोजच्या स्वयंपाकात मांस असतेच असे नाही. अख्खे मसूर व तांदूळ एकत्र शिजवून वर कुरकुरीत तळलेला कांदा पसरतात, त्या मुजद्दऱ्यावर आणि वाडगाभर दह्यावर कितीतरी घरे दुपार भागवतात. शाकाहारी घरात हलालचाही प्रश्न उरत नाही. मद्य घातलेली आधुनिक मिठाई तेवढी त्यांच्यापुढे ठेवू नका. त्यांना आवडेल म्हणून बाजारातला डबाबंद हुमुस मात्र आणू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. तुमचे वरण-भात, भरली वांगी, पोळी हेच वाढा, फक्त तिखट कमी करा, कारण नाब्लुसचे जेवण सौम्य असते. भाज्यांच्या पोटात सारण भरणे हा त्यांच्या सुगरणीचा मानाचा प्रकार आहे. छोटे दुधी, वांगी, द्राक्षाची पाने, सगळे भरले जाते, तेव्हा तुमची भरली वांगी त्यांना परकी वाटणार नाहीत. श्रीखंडाने मात्र त्या क्षणभर गोंधळतील. चक्का त्यांच्या रोजच्या ओळखीचा असतो, परंतु त्याला ते लबने म्हणतात, त्यात मीठ घालतात आणि वरून तेल ओततात.

तेलाविषयी थोडे अधिक लिहायला हवे, कारण ते येणार, हे मी लिहून देतो. तिथे ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. शहरात नोकरी करणारी माणसेही त्या काळात रजा काढून गावच्या झाडांखाली ताडपत्री अंथरायला जातात. घरोघरी वर्षाचे तेल पत्र्याच्या मोठ्या डब्यांत भरून ठेवले जाते. अलीकडच्या काही हंगामांत इस्रायली वसाहतवाल्यांचे हल्ले आणि लष्करी बंदी यांमुळे अनेक गावांना स्वतःच्याच बागेपर्यंत पोहोचता आलेले नाही, त्यामुळे या तेलाला पैशांपलीकडचे मोल आले आहे. डिसेंबरात येणाऱ्या बाई नव्या हंगामाचे तेल आणतील. ते हिरवट असते आणि घशाला किंचित झोंबते. तो दोष समजू नका. त्यात भजी तळू नका आणि पाहुण्या गेल्यावर वापरू म्हणून कपाटातही ठेवू नका. सकाळी वाटीत ओतून, शेजारी त्यांनीच आणलेला झातर ठेवून, गरम पोळीबरोबर त्यांच्यासमोर खा. डोंगरउतारावरचा एक सुगंधी पाला वाळवून त्यात तीळ, सुमाक आणि मीठ घालतात, तो झातर. १९७७ मध्ये इस्रायलने रानातला झातर संरक्षित वनस्पतींच्या यादीत टाकला. आता तो शेतांतही लावला जातो.

पाहुण्याला विचारून देणे हा त्यांच्याकडे कमीपणा मानला जातो. ‘चहा घेणार का’ असे विचारले तर उत्तर नाही असेच येईल. सरळ आणून ठेवावा, पुदिना घालून केला तर उत्तमच. ताट रिकामे दिसले की पुन्हा वाढतात, म्हणून पोट भरलेला माणूस थोडे अन्न ताटात ठेवतो. त्यांनी ताटात काही ठेवले तर आवडले नाही, असा अर्थ काढू नये. अनेक घरांत कॉफी सर्वांत शेवटी येते आणि ती आली की बैठक संपत आल्याचे जाणते पाहुणे ओळखतात. तेव्हा आल्या आल्या त्यांच्या हाती कॉफीचा कप देऊ नये, एवढे लक्षात असू द्या.

हाक मारण्याविषयी. आईला थोरल्या मुलाच्या नावाआधी ‘उम्म’ लावून आणि वडिलांना ‘अबू’ लावून संबोधणे आदराचे समजतात. थोरल्या मुलाचे नाव आपल्या मुलीकडून काढून घ्या आणि पहिल्या भेटीत तशी हाक मारा. पुरुष मंडळींनी हस्तांदोलनासाठी हात पुढे करू नये. त्यांनी केला तर गोष्ट वेगळी, नाही तर आपला नमस्कार पुरेसा आहे.

सुईदोरा

मी दादरला भरतकाम शिकवते, त्यामुळे माझे उत्तर माझ्या विषयापुरतेच आहे, परंतु आहेराचा प्रश्न त्यात येतो.

सोने नाकारू नका. तिकडच्या लग्नात वधूला सोने किंवा रोख रक्कम देणे हे नातेसंबंधाचे कर्तव्य मानले जाते आणि कुणी काय दिले, हे दोन्ही घरे लक्षात ठेवतात, कारण पुढे त्यांच्या घरच्या कार्यात तेवढे परत करायचे असते. पत्रिकेवरची ओळ मराठीत आहे, ती त्यांना वाचून दाखवण्याची काही गरज नाही. परतीच्या आहेरात तुम्ही पैठणी देण्याचा विचार करत असाल तर जरूर द्या, पण त्या ती नेसतील, अशी अपेक्षा ठेवू नका. त्याऐवजी मोठी रेशमी शाल दिली तर ती अंगावर येईल.

आता मुख्य गोष्ट. लग्नाच्या दिवशी त्या बाई बहुधा थोब घालतील. थोब म्हणजे पायघोळ अंगरखा, ज्याच्या छातीवर, बाह्यांवर आणि कडेने भरतकाम असते. या भरतकामाला तत्रीझ म्हणतात आणि २०२१ मध्ये युनेस्कोने त्याचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. पुष्कळसे काम फुलीच्या टाक्याचे म्हणजे दोन टाके एकमेकांवर फुलीसारखे घालून केलेले असते. तंत्र साधे, पण धागे मोजण्याची शिस्त अशी कडक की एक धागा चुकला तर पुढची सारी नक्षी तिरपी होते. सरूचे झाड, चंद्र, पाशाचे (तुर्की सरदाराचे) तंबू अशी त्यातल्या नक्ष्यांची नावे आहेत. बेथलेहेमची तऱ्हा निराळी. तिथे रेशमी आणि जरीची दोरी कापडावर वळवून बारीक टाक्यांनी धरून ठेवतात. रामल्लाच्या पांढऱ्या कापडावर गडद लाल काम ठळक दिसते. १९४८ पूर्वी बाजारात समोरून येणारी बाई कुठल्या भागातली, बहुधा कुठल्या गावातली, हे तिच्या छातीवरच्या पट्टीवरून दुसऱ्या बाईला कळत असे.

१९४८ मध्ये, इस्रायलच्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात, शेकडो गावे रिकामी झाली आणि निरनिराळ्या गावच्या बायका एकाच निर्वासित छावणीत शेजारी शेजारी राहू लागल्या, तेव्हा नक्ष्याही सरमिसळ झाल्या. काही अभ्यासकांना ही हानी वाटते. मला तसे वाटत नाही. भरतकाम करणाऱ्या बायकांनी शेजारणीची नक्षी उचलणे यात नवे काय आहे? फ्रेंच गिरणीचे सुती धागे आणि त्यांच्याबरोबर आलेल्या युरोपीय नमुन्यांच्या पुस्तिका तर त्यांनी त्याआधीच आपल्याशा केल्या होत्या. पुढे इस्रायली ताब्याविरुद्धच्या १९८७ च्या उठावाच्या काळात पॅलेस्टिनी झेंडा फडकवणे हा गुन्हा असताना झेंड्याचे रंग थोबावर भरले गेले, आणि अंगावरचा कपडा काढून घेणे सैनिकाला सोपे नव्हते.

तेव्हा ताई, थोब पाहून नुसते ‘सुंदर आहे’ म्हणून थांबू नका. तो कुणी भरला, हे विचारा. असा एक थोब पुरा व्हायला कित्येक महिने जातात आणि तो बहुधा आई, आजी किंवा आत्या यांच्यापैकी कुणाच्या तरी हातचा असतो. लग्नघरातल्या बायकांना त्याला हात लावून पाहण्याचा मोह होईल. आधी विचारून घ्या, मग त्या स्वतःच उलटी बाजू दाखवतील. चांगल्या कामाची परीक्षा उलट्या बाजूनेच होते.

वसईचा वाटसरू

माझी भर लहानशी आहे. आमच्या धर्मग्रामातल्या मंडळींबरोबर मी बेथलेहेमची यात्रा केली आहे. तुमच्या नातेवाइकांना एवढे आधीच सांगून ठेवा की पॅलेस्टिनी म्हणजे मुस्लिमच, असे नसते. बेथलेहेम, बेत साहूर, बेत जाला या गावांत पिढ्यान्‌पिढ्यांची अरबी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत आणि नाब्लुसच्या गेरिझीम डोंगरावर शोमरोनी (समॅरिटन) या प्राचीन, वेगळ्या धर्मसमाजाची चिमुकली वस्ती आहे. बेथलेहेमला नाताळही तीनदा येतो: २५ डिसेंबरला आमचा, ७ जानेवारीला ऑर्थोडॉक्स पंथीयांचा आणि १८-१९ जानेवारीला आर्मेनियन लोकांचा. गाझातल्या युद्धामुळे २०२३ आणि २०२४ मध्ये तिथे सार्वजनिक उत्सव झाला नाही, केवळ प्रार्थना झाल्या.

डिसेंबरच्या आरंभी संत बार्बराच्या दिवशी तिथे अख्खे गहू शिजवून, त्यात बडीशेप आणि दालचिनी घालून, वर मनुका, अक्रोड आणि डाळिंबाचे दाणे पसरून गव्हाची खीर करतात आणि शेजाऱ्यांना वाटतात. पाहुण्यांसाठी ओळखीचे काहीतरी गोड करायचेच असेल तर गव्हाची खीर करा. नाब्लुसच्या प्रसिद्ध कनाफेच्या, म्हणजे चीज घातलेल्या तिथल्या मिठाईच्या, वाटेला जाऊ नका. त्या शहराच्या माणसाला दुसरीकडचा कनाफे देणे म्हणजे वाद ओढवून घेणे आहे.

पार्लेकरीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. थोबाविषयी आणि पुलाविषयी मला काहीच माहीत नव्हते. तिकीट आधीच्या तारखेचे काढायला आजच सांगितले आहे.

मुलीशी बोलताना आणखी एक गोष्ट कळली. त्या बाईंचा जन्म नाब्लुसलगतच्या बलाता या निर्वासित छावणीतला आहे आणि त्यांचे आईवडील मूळचे लिद्दचे. आमच्या ह्यांचे ठाण्याचे जिवलग मित्र बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू आहेत, त्यांची बहीण कितीतरी वर्षे इस्रायलमधल्या लोदला राहते आणि लग्नासाठी तीही येणार आहे. नकाशा पाहिला तेव्हा लक्षात आले की लिद्द आणि लोद हे एकच गाव आहे. आता ही दोन कुटुंबे एका मांडवात कशी सांभाळावीत, हे मला सुचत नाही. वेगवेगळ्या टेबलांवर बसवावे आणि गाठ पडू देऊ नये, असे घरातल्या मोठ्यांचे म्हणणे आहे.

ठाण्याची शेजारीण

मी स्वतः बेने इस्रायली आहे, माझ्या दोन मावश्या लोदला आणि एक दिमोनाला आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

जे घडले ते स्पष्ट लिहिलेले बरे. जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने लिद्द आणि शेजारचे रामले ही गावे घेतली आणि तिथल्या बहुसंख्य अरब रहिवाशांना, हजारो माणसांना, ऐन उन्हाळ्यात पायी बाहेर काढले. वाटेत तहानेने माणसे मेली. त्यातली काही कुटुंबे पुढे नाब्लुसकडे पोहोचली. बलाता छावणी १९५० मध्ये उभी राहिली. पाव चौरस किलोमीटर जागेत उभारलेल्या या छावणीत आज हजारो माणसे राहतात आणि ती वेस्ट बँकमधली सर्वांत जास्त लोकसंख्येची छावणी समजली जाते. आमची माणसे लोदला गेली ती त्यानंतर, कोकणातून आणि मुंबईतून. सरकारने जिथे वसवले तिथे ती वसली आणि तिथे त्यांनाही वर्णावरून भेदभाव सोसावा लागला. तो सोसला म्हणून आधीचे पुसले जात नाही, हे माझ्या मावशीला ठाऊक आहे. सगळ्यांनाच ते मान्य असते, असे मात्र मी म्हणणार नाही.

लपवाछपवी करू नका. लग्नाच्या गर्दीत ‘तुम्ही कुठल्या’ हा प्रश्न निघणारच आणि तो पंगतीत अचानक निघाला तर दोघींचीही कोंडी होईल. तुमच्या मुलीने मैत्रिणीला आणि तुमच्या यजमानांनी मित्राला आधीच सांगून ठेवावे की अमुक गावच्या पाहुण्या येत आहेत. मग भेटायचे की दुरून मान लववायची, हे दोघींनी ठरवावे. तुम्ही त्यांची ओळख करून देऊन फोटो काढू नका आणि ‘बघा, आमच्या मांडवात कसे सगळे एकत्र आले’ असे कुणाला भाषणात म्हणू देऊ नका. ते फार वाईट दिसते. छावणीतल्या तिसऱ्या पिढीतले मूलही गाव विचारले तर आजोबांचे गाव सांगते, म्हणून त्या बाईंनी ‘मी लिद्दची’ असे म्हटले तर ‘पण तुम्ही तर नाब्लुसच्या’ अशी दुरुस्ती कुणी करू नये. त्या गावाची आज काय अवस्था आहे, असे त्यांनी माझ्या मावशीसारख्या कुणाला विचारलेच, तर जे आहे ते सांगावे. बाजार, जुनी मशीद, संत जॉर्जचे देऊळ, सगळे अजून आहे.

जुना अम्मानवासी

ठाण्याच्या ताईंशी मी सहमत आहे. गाझाविषयी माझे म्हणणे एवढेच की नाब्लुस आणि गाझा यांत सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरचे अंतर असले तरी नाब्लुसच्या पुष्कळ तरुणांनी गाझा कधी पाहिलेले नाही, कारण तिथे जाण्यास परवाना मिळत नाही. तरी कुणाची ना कुणाची सोयरीक तिकडे असते. म्हणून भेटल्यावर एकदाच, बाजूला घेऊन, ‘तुमची तिकडची माणसे कशी आहेत’ असे तुम्ही यजमानीण म्हणून विचारा. उत्तर लांबले तर ऐकून घ्या, आखडले तर विषय सोडा. पंगतीत प्रश्नोत्तरे सुरू होऊ लागली तर वाढप्याला पाठवण्याइतके चातुर्य पार्ल्याच्या यजमानिणीजवळ असतेच.

बोलायला विषय हवा असेल तर त्या शिक्षिका आहेत, हे विसरू नका. तिकडे बारावीच्या पातळीची तौजिही नावाची परीक्षा असते. निकालाच्या दिवशी रस्त्यावर फटाके वाजतात, मिठाई वाटली जाते, आणि मुलाला किती टक्के पडले हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तुमच्याकडच्या निवृत्त शिक्षिका मंडळींबरोबर त्यांना बसवा. संगीताच्या रात्री दबकेची धून लावायची असेल तर मैत्रिणीला आधी विचारा आणि जागा मोकळी ठेवा, कारण हातात हात घालून रांगेने जमिनीवर पाय आपटत नाचणारा तो प्रकार आहे आणि चार माणसांनी सुरू केलेली रांग वीस माणसांची व्हायला वेळ लागत नाही. वरच्या मजल्यावर सभागृह घेतले असेल तर व्यवस्थापकाला कल्पना द्या.